वावर विकण्याआधी: प्रादेशिक विमानाच्या कॅप्टनकीचा हिशोब

"नाना, पोऱ्याले पायलट करानं शे. वावर इकू का?"

चोपडा तालुक्यातल्या माझ्या चुलतभावानं मागच्या दिवाळीत ओट्यावर बसून मला हे विचारलं. त्याला घरात आणि गावात सगळे बापू म्हणतात. मुलगा बारावी सायन्सला, गणित चांगलं, चष्मा नाही. जळगावला कुसुंब्याच्या विमानतळावर दोन पंख्यांचं विमान त्यानं एकदा तारेच्या कुंपणापलीकडून पाहिलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. घरात निर्णय जवळजवळ झालाच होता. बागायती चार एकर, त्यातली दोन एकर काढायची असं ठरत होतं आणि गिऱ्हाईकही तयार होतं.

मी पायलट नाही. एका छोट्या विमान कंपनीत अकरा वर्षं डिस्पॅचर होतो. विमान उडण्याआधी मार्ग, हवामान, इंधन आणि वजन यांचा हिशोब करून जो माणूस कॅप्टनपुढे कागद ठेवतो, तो डिस्पॅचर. त्यामुळे शेकडो कॅप्टन मी कामाच्या वेळी जवळून पाहिले आहेत. बापूला त्या रात्री जे सांगितलं तेच इथं नीट मांडतो, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून असे फोन आता मला सारखे येतात आणि बहुतेक फोन व्यवहार ठरल्यावर येतात. ते आधी यायला हवेत.

प्रादेशिक म्हणजे नेमकं काय

मुंबई-दिल्लीसारख्या मार्गांवर उडतात ती जेट विमानं, दीडशे-दोनशे माणसांची. जळगाव, कोल्हापूर अशा ठिकाणी जिथं तेवढी माणसंही मिळत नाहीत आणि तेवढी लांब धावपट्टीही नसते, तिथं एटीआर चालतं. एटीआर ७२-६०० हे फ्रेंच-इटालियन कंपनीचं, सत्तरेक माणसांचं, दोन टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या, इंजिनांचं विमान. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त उंची २५,००० फूट. म्हणजे जेट जसं ढगांच्या वर निघून जातं तसं हे जात नाही. पावसाळ्यात ते ढगांतूनच वाट काढतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

केंद्राची उडान योजना २०१६ साली आली. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली हे तिचं पहिलं उड्डाण झालं. तत्त्व साधं आहे: छोट्या मार्गावर काही जागा ठरावीक कमी दरानं विकायच्या, त्यात कंपनीला जो तोटा होईल तो सरकारनं तीन वर्षं भरून द्यायचा आणि तोवर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा अशी अपेक्षा ठेवायची. जळगावला याच योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं छोटं विमान आलं, २०१९ मध्ये ट्रूजेट आलं आणि २०२४ मध्ये फ्लाय९१ व अलायन्स एअर आल्या. यातल्या पहिल्या दोन कंपन्या आज उडत नाहीत. ही गोष्टही लक्षात ठेवा.

डाव्या खुर्चीतलं काम

कॉकपिटमध्ये डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी को-पायलटची. विमान दोघंही उडवतात. एका फेरीत एक जण उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो, चेकलिस्ट वाचतो; पुढच्या फेरीत अदलाबदल. मग कॅप्टन वेगळा कशानं? खांद्यावरच्या चार पट्ट्यांनी, असं लोकांना वाटतं. खरा फरक मी जळगावलाच पाहिला.

मे महिना होता, दुपारचे तीन वाजत आलेले. पारा ४४ च्या पुढे. मी काही आठवड्यांसाठी तिथं गेलो होतो. विमान उभं, उजव्या बाजूचा पंखा स्तब्ध पण त्याच बाजूचं इंजिन घोंगावत होतं. एटीआरला जमिनीवर वीज आणि गार हवा देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून तो थांबवतात आणि इंजिन चालू ठेवून त्यावर आतलं सगळं चालवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. त्या उन्हात, त्या आवाजात कॅप्टन मॅडम विमानाभोवती फेरी मारत होत्या. वय असेल तीस-एकतीस. टायरवर हात फिरवला, ब्रेकची झीज पाहिली, पंख्याच्या पात्याच्या कडेवरून नजर फिरवली, चाकाच्या खाचेत वाकून तेल गळतंय का ते बघितलं.

मी त्यांच्या हातात लोडशीट, म्हणजे वजनाच्या हिशोबाचा कागद, दिली. वजन बसत नव्हतं. चारशे किलो जास्त होत होतं.

याचं कारण साधं आहे. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनही कमी ताकद देतं. त्यामुळे तेच विमान, तेवढंच वजन घेऊन, थंडीच्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या दुपारी जास्त लांब धावतं. जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटर. तिच्यात नुसतं उडणं बसून भागत नाही. धावताना एक वेग असतो, व्ही-वन म्हणतात त्याला. तिथपर्यंत एखादं इंजिन बंद पडलं तर ब्रेक मारून उरलेल्या धावपट्टीत थांबता आलं पाहिजे, आणि त्यानंतर बंद पडलं तर एकाच इंजिनावर उडता आलं पाहिजे. दोन्ही शक्यता धावपट्टीत बसल्या तरच ते वजन चालतं.

मॅडमपुढे तीन वाटा होत्या. इंधन कमी करायचं, माणसं उतरवायची किंवा सामान काढायचं. इंधन कमी करणं सगळ्यात सोपं, कारण ते कोणाला दिसत नाही. पण इंधनात नुसता जाण्याचा हिशोब नसतो. तिथं उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्याचं इंधन असतंच, आणि मुंबईच्या गर्दीत रांगेत थांबावं लागतं ते वेगळं. त्या म्हणाल्या, "इंधनाला हात लावायचा नाही. सामान उद्याच्या विमानानं."

त्या विमानात एक लग्नाचं वऱ्हाड होतं. रुखवताचे डबे, साड्यांच्या बॅगा. मुलीचे काका तावातावानं बोलायला लागले. कंपनीची पोरं गांगरली. मॅडम मागच्या दारानं पायऱ्या उतरून खाली आल्या, टोपी काढून हातात धरली आणि त्या काकांना म्हणाल्या, "काका, डबे उद्या नक्की पोचतील. आज तुम्हाला पोचवायचंय." काका गप्प झाले. चार मिनिटांत विषय संपला.

ती चार मिनिटं म्हणजे कॅप्टनकी. कंपनीला वेळ पाळायची असते, प्रवाशाला बॅग हवी असते, मला लोडशीट बसवायची असते आणि या सगळ्यांना एका माणसानं शांतपणे नाही म्हणायचं असतं. विमानात काहीही झालं तर कायद्यानं उत्तर त्या एकाच माणसाला द्यावं लागतं. विमान उडवायला दोनशे तासांत शिकता येतं. हे नाही म्हणणं शिकायला काही वर्षं लागतात आणि काहींना ते जमतच नाही.

या कामात चूक किती छोटी असू शकते हेही सांगतो. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळात पोखऱ्याला एटीआर ७२ कोसळलं, ७२ माणसं गेली. आकाश स्वच्छ होतं, इंजिनं चांगली होती. तपासाचा निष्कर्ष असा की उतरण्याआधी फ्लॅपचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचा, दांडा ओढायच्या जागी शेजारचे दोन दांडे ओढले गेले आणि दोन्ही पंख्यांची पाती अशी वळली की त्यांचा जोर नाहीसा झाला. ते कॉकपिटमधल्या दोघांच्याही लक्षात वेळेवर आलं नाही. ज्या मुलाला घरी "चेकलिस्ट काय, पाठच आहे" असं म्हणायची सवय आहे, त्याच्या आई-वडिलांनी हा प्रसंग त्याच्याशी बसून बोलावा.

वाट कशी आहे

आधी मेडिकल. हे मी बापूला तीनदा सांगितलं. वैमानिकाला क्लास टू आणि मग क्लास वन अशा दोन वैद्यकीय तपासण्या लागतात. क्लास टू डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, यादीवरचे डॉक्टर करतात, क्लास वन ठरवून दिलेल्या केंद्रांत आणि मान्य डॉक्टरांकडे होते. रंग ओळखणं, कान, हृदय, रक्तातली साखर, सगळं बघतात. चष्मा असला तरी चालतो, चष्म्यासह नजर पूर्ण असली म्हणजे झालं. पण रंगांधळेपणा घरात कोणाच्या लक्षातही आलेला नसतो आणि तो फॉर्म भरताना कळतो. या दोन्ही तपासण्यांचा खर्च एकूण खर्चापुढे किरकोळ आहे. तरी फी भरून, वसतिगृहात सामान टाकून मग क्लास वनला जाणारी मुलं मी पाहिली आहेत. असं करू नका. क्लास वनचा कागद हातात येईपर्यंत एक रुपयाची फी भरायची नाही, वावराच्या गिऱ्हाइकाकडून बयाणा घ्यायचा नाही.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. कॉमर्स-आर्ट्सची मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देऊन येतात. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढायचा आणि लेखी परीक्षा द्यायच्या: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक विषय. प्रत्येकात ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. इंग्रजीची भीती आपल्याकडच्या मुलांना फार असते. चाचणी असते हे खरं, पण तिथं तुमचा हेल बघत नाहीत. सांगितलेलं नेमकं कळतंय का आणि अडचणीत साध्या वाक्यात बोलता येतंय का, एवढंच बघतात. मराठी शाळेत शिकलेले उत्तम कॅप्टन माझ्या ओळखीत आहेत.

व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, वय १८ आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, ५० तास लांबच्या प्रवासाचे, शिवाय रात्रीचं आणि यंत्रांवर अवलंबून केलेलं उड्डाण. हे शिकायला खान्देशाबाहेर जावंच लागतं असं नाही. धुळ्याला आणि शिरपूरला विमान शिकवणाऱ्या संस्था आहेत, आणि विमानतळ प्राधिकरणानं २०२१ साली नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यात जळगाव होतं. संस्था निवडताना वसतिगृहाचे फोटो बघू नका. विमानं किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, प्रशिक्षक किती आणि मागच्या वर्षीच्या मुलांचे २०० तास किती महिन्यांत झाले, हे तिथं शिकणाऱ्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा. तास रखडले की खर्च वाढतो आणि वयही.

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुलै २०२१ मध्ये आमच्याच चोपडा तालुक्यात, वर्डीजवळ सातपुड्याच्या रानात शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक वैमानिक गेले, शिकाऊ मुलगी जखमी झाली. रस्ता नव्हता, पाऊस होता. आदिवासी पाड्यावरच्या माणसांनी तिला झोळी करून खाली आणलं, आणि त्या झोळीसाठी एका बाईनं अंगावरचं लुगडं सोडून दिलं होतं. पोराला या वाटेला घालताना धोका शून्य आहे असं कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका. आणि धोका आहे म्हणून मुलीला घरात बसवायचं असेल तर तेही नको. आपल्या देशातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगातल्या बहुतेक देशांपेक्षा हे प्रमाण खूप जास्त आहे.

सीपीएलनंतर टाइप रेटिंग, म्हणजे एका विशिष्ट जातीच्या विमानाचं प्रशिक्षण, बहुतेक सगळं सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये. मग नोकरी लागली तर को-पायलट. भारतात २०० तासांवर को-पायलट होता येतं. अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ एक प्रादेशिक विमान पडून ५० जण गेले, त्यानंतर २०१३ पासून तिथं को-पायलटलाही साधारण १,५०० तास लागतात. आपल्याकडे १,५०० तासांची अट पुढच्या परवान्याला आहे, एटीपीएलला. तो नसेल तर कॅप्टन होता येत नाही.

आता हिशोब करा. वर्षाला कायद्यानं जास्तीत जास्त १,००० तास उडता येतं, प्रत्यक्षात महिन्याला ६०-७० तास धरा. दोनशेचे पंधराशे व्हायला दोन वर्षांच्या आत-बाहेर लागतात. पण कंपनी तेवढ्यावर डावी खुर्ची देत नाही. तिची स्वतःची तासांची अट असते, मग मुलाखत, सिम्युलेटरची परीक्षा, मग प्रशिक्षक कॅप्टन शेजारी बसवून खऱ्या प्रवाशांसह उड्डाणं आणि शेवटी तपासणी. छोट्या कंपनीत हे सगळं तीन-चार-पाच वर्षांत होऊ शकतं, कारण तिथले कॅप्टन सतत जेटकडे जातात आणि जागा रिकामी होते. मोठ्या कंपनीत रांग लांब असते. प्रादेशिक वाटेचा सगळ्यात मोठा फायदा हाच: तिशीच्या आत कॅप्टन. आणि तिथले तास कसदार असतात. जेटचा वैमानिक तीन तासांच्या फेरीत एकदा उतरतो, एटीआरवाला तेवढ्याच वेळात दोन-तीनदा, तेही आखूड धावपट्टीवर, आडव्या वाऱ्यात, ढगांतून बाहेर पडत.

पैशाचं काय

सीपीएल आणि टाइप रेटिंग मिळून साठ-सत्तर लाखांच्या घरात जातं. राहणं-खाणं आणि लांबलेले महिने धरले तर त्याहून वर. आपण कर्ज साठ लाखच धरू. दहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत. हप्ता बसतो महिन्याला सुमारे ७९,३००, आणि दहा वर्षांत साठचे पंचाण्णव लाख फेडावे लागतात.

हप्त्यापेक्षा मला काळजी वाटते ती मधल्या काळाची. सीपीएल हातात आहे आणि नोकरी नाही, असा काळ बहुतेकांच्या वाट्याला येतो. कोणाला सहा महिने, कोणाला दोन-तीन वर्षं. त्या काळात साठ लाखांचं नुसतं व्याज महिन्याला पन्नास हजार होतं. शिवाय परवाना जिवंत ठेवायला अधूनमधून उडावं लागतं, मेडिकल दरवर्षी करावी लागते. हा काळ काढण्याएवढे पैसे बाजूला नसतील तर मुलगा कितीही हुशार असला तरी घर खचतं. काही जण या काळात प्रशिक्षक होतात. तास वाढतात, थोडे पैसेही मिळतात. मला ही वाट फार चांगली वाटते, पण ती कोणी सांगत नाही.

बँकेकडे गेलात तर साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. कारण कर्ज बुडालं तर बँक ज्या सरफेसी कायद्यानं मालमत्ता जप्त करते, तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून आपल्याकडे गावातलं किंवा शहरातलं घर गहाण पडतं, नाहीतर वावर थेट विकलं जातं. बापूचं तेच होणार होतं.

कॅप्टन झाल्यावर मात्र चित्र पालटतं. को-पायलटच्या दुप्पट-तिप्पट पगार, महिन्याला काही लाखांत. पगारात ठरावीक तासांची हमी असते आणि त्यावरच्या तासांचे वेगळे पैसे. नोकरीला लावताना कंपनी बाँड लिहून घेते, आणि सोडायची म्हटलं तर कॅप्टनला एक वर्षाची, को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पायलट नको तेव्हा निघून गेला तर विमानं उभी राहतात म्हणून २०१७ साली हा नियम आला. म्हणजे दुसरीकडे चांगली संधी आली तरी उद्या उठून जाता येत नाही.

कंपनी टिकेल का

हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, बापांनी विचारायला हवा. महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात उडानचा हिशोब मांडला. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातले ११२ मार्गच तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी करू शकले, आणि त्यातले ५४ मार्ग मार्च २०२३ पर्यंत पुढेही चालू होते. जळगावनं हे स्वतः पाहिलंय: विमान येतं, पेपरात फोटो येतो, वर्ष-दोन वर्षांनी बंद होतं, मग दुसरी कंपनी येते.

मोठ्या कंपन्याही पडतात, किंगफिशर २०१२ ला, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. पण कंपनी बंद पडली की पायलटचं जे नुकसान होतं ते इतर नोकरदारांसारखं नसतं. वैमानिकाची ज्येष्ठता त्या कंपनीपुरती असते. दुसरीकडे गेला की रांगेत शेवटी. दहा वर्षांचा कॅप्टन उजव्या खुर्चीत बसून पुन्हा को-पायलट झालेला मी पाहिला आहे, आणि त्यानं ते तोंड वाकडं न करता केलं म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. एटीआरचा कॅप्टन जेटकडे गेला तरी बहुधा हेच होतं: नवं टाइप रेटिंग, पुन्हा उजवी खुर्ची, काही काळ कमी पगार.

म्हणून मी मुलांना सांगतो की प्रादेशिक कॅप्टनकी ही जेटकडे जाताना लागणारा थांबा आहे असं धरून येऊ नका. जेट मिळालं तर उत्तम. पण इथंच वीस-पंचवीस वर्षं काढायची वेळ आली तर हे काम आवडेल का, याचं उत्तर आधी हवं. माझ्या ओळखीत असे कॅप्टन आहेत ज्यांनी जेटची संधी सोडली. रोज चार-पाच फेऱ्या, प्रत्येक उतरणं हातानं, संध्याकाळी बहुधा आपल्या घरी. लांबच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांत झोपेचं जे खोबरं होतं ते इथं कमी. त्यांना हे आयुष्य मनापासून आवडतं.

घर मात्र जळगावात नसतं. विमान इथं उतरतं आणि परत जातं, वैमानिकाचा तळ मुंबई, गोवा, हैदराबाद अशा ठिकाणी. पोळा, आखाजी, घरातली लग्नं, यातलं बरंच हुकतं. रजेचं वेळापत्रक वरिष्ठांचं आधी भरतं.

थकव्याचे नियम आता कडक झाले आहेत. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या ड्यूटीतल्या उतरणुका सहावरून दोनवर आणल्या. नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि त्या कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. प्रवाशांचे हाल झाले हे खरं. पण झोप न झालेल्या माणसाच्या हाती सत्तर जीव द्यायचे नाहीत, या बाजूनं मी ठाम उभा आहे.

आणि शरीर. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडून परीक्षा होते. मेडिकल दरवर्षी, साठीनंतर सहा महिन्यांनी, आणि ६५ ला प्रवासी विमान उडवणं बंद. ड्यूटीआधी श्वासाची चाचणी, त्यात दारूचा अंश शून्य हवा. अल्कोहोल असलेलं माउथवॉशसुद्धा चालत नाही. पहिल्यांदा सापडला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. चाळिशीत साखर किंवा हृदयानं धोका दिला तर इतर कोणत्याही नोकरीत गोळ्या घेऊन काम चालतं, इथं उत्पन्नच थांबतं. परवाना गेल्यास पैसे देणारा विमा मिळतो. पहिल्या पगारापासून तो घ्यावा, आणि शक्य असलं तर पत्राद्वारे का होईना एक पदवी हातात ठेवावी.

बापूनं त्या रात्री मुलालाच पुढ्यात बसवलं आणि हे सगळं पुन्हा ऐकवायला लावलं. मुलगा शेवटी एवढंच म्हणाला, "नाना, ते डबे खाली ठेवायला लावायचं काम मला जमेल का, ते माहीत नाही. उडवणं जमेल." मला त्याचं हे बोलणं फार आवडलं.

सध्या त्यानं क्लास टू केली आहे, ती साफ आली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी नाशिक बोर्डाकडून करून घेतली. त्यात आधारवर आणि मार्कशीटवर बापूचं नाव वेगवेगळं होतं, त्यात दोन महिने गेले. हे प्रत्येकानं आधीच तपासावं. क्लास वनची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गिऱ्हाइकाला बापूनं थांबायला सांगितलंय. वावरात कांदेबागाची केळी उभी आहे.